टरफल काय सांगते, काय सांगत नाही

गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी मांडलेल्या प्रकल्पाचे नाव होते, ‘टरफलावरून ओळखा कोंबडीची जात’. टेबलावर तीन वाट्या होत्या. एकीत पांढऱ्या अंड्याची टरफले, दुसरीत ‘गावरान’ म्हणून आणलेल्या तपकिरी अंड्याची आणि तिसरीत कडकनाथच्या अंड्याची. टरफले कुटून रात्रभर विनेगरमध्ये ठेवायची, गाळायची, त्यात मीठ आणि भांडी घासायचा द्रव साबण घालायचा आणि वरून थंड स्पिरिट अलगद सोडायचे. थोड्या वेळाने नळीत पांढरट तंतू दिसू लागत. ‘हा कोंबडीचा डीएनए’ असे मुली सांगत होत्या. पुठ्ठ्यावरच्या तक्त्यात लेगहॉर्नपुढे ‘विरळ’, गावरानपुढे ‘दाट’ आणि कडकनाथपुढे ‘अतिशय दाट’ असे लिहिले होते.

मांडणी नीटनेटकी होती, मुली न अडखळता बोलत होत्या. आम्ही वहीत चांगले गुण लिहीत असताना गर्दीतून सहावीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘पण ताई, हे डीएनएच आहे हे कशावरून?’’ ती म्हणाली, ‘‘पुस्तकात असंच पांढरं दाखवलंय.’’ मग तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला.

परतीच्या वाटेवर त्या मुलाचा प्रश्न काही सुटेना. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले असते का? जन्मभर प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाने नुसती मान डोलावून वेळ मारून नेली, ही गोष्ट मुलींच्या चुकीपेक्षा मोठी होती. म्हणून या प्रकल्पाचे परीक्षण आम्ही पुन्हा करायचे ठरवले. यात मुलींना दोष देण्याचा हेतू नाही. अशा कृती कार्यशाळांतून हातोहात पसरतात आणि आपण शिक्षक त्या न तपासता पुढे देतो. ‘टरफलातून डीएनए’ आणि ‘डीएनएवरून जात’ हे दोन वेगळे दावे आहेत. दोन्ही दाव्यांमागे खरे संशोधन आहे. परंतु खरे संशोधन आणि टेबलावरची नळी यांत बरेच अंतर आहे. ते किती आणि कुठे कुठे आहे, ते पाहू.

टरफल कोणाचे?

आधी टरफल तयार कसे होते ते पाहू. कोंबडीच्या अंडाशयातून पिवळा बलक सुटला की तो अंडनलिकेत येतो. कोंबड्याशी संबंध आला असेल तर फलन पहिल्या अर्ध्या तासातच, नलिकेच्या तोंडाशी होते. पुढे सुमारे तीन तासांत पांढरा बलक चढतो, मग तासा-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात आणि शेवटी अंडे कवचग्रंथीत जवळजवळ वीस तास मुक्काम करते. तेथे कॅल्शियम कार्बोनेटचे थर बसतात. तपकिरी रंग चढतो तो बहुतांशी या मुक्कामाच्या अखेरच्या काही तासांत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कवच हे आईच्या शरीराने बाहेरून चढवलेले आवरण आहे, पिल्लाने ते घडवलेले नाही. कवच जमत असताना अंडनलिकेच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी आणि त्यांचे अवशेष त्यात अडकून राहतात. म्हणून कवचात सापडणारा डीएनए असतो तो आईचा. अंडे फलित असले, तरी पिल्लाचा बाप कोण हे टरफल सांगू शकत नाही. त्यासाठी आत डोकवावे लागेल. दुकानातली बहुतेक अंडी अफलितच असतात. तेथे बापाचा प्रश्नच येत नाही.

मुलींच्या तक्त्यात ‘या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाची जात’ असे एक वाक्य होते. ते या टप्प्यावरच गळून पडते. टरफल फार तर अंडे घालणाऱ्या कोंबडीविषयी बोलेल.

पांढरे ते सारे डीएनए नव्हे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नळीतले तंतू डीएनएचे असू शकतात का? थोडा हिशेब करू. कोंबडीच्या एका पेशीकेंद्रात सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए असतो. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लक्ष-कोट्यंश. नळीत डोळ्यांना सहज दिसावा, काडीवर गुंडाळता यावा असा झुपका हवा तर निदान शंभर मायक्रोग्रॅम डीएनए लागेल असे धरू. शंभर मायक्रोग्रॅमला अडीच पिकोग्रॅमने भागले की उत्तर येते चार कोटी. म्हणजे चार कोटी पेशींचा डीएनए, एकही वाया न जाता, नळीत उतरला पाहिजे.

वाटाणे, केळे किंवा कांदा घेतला तर ही संख्या अवघड नाही, कारण ते पदार्थ पेशींचेच बनलेले असतात. अंड्याचे टरफल तसे नाही. पाच-सहा ग्रॅम वजनाच्या टरफलात ९५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट असते. उरलेल्यात मुख्यतः प्रथिने. तेथे पेशींचा थर नसतोच, अडकलेल्या पेशींचे अवशेष तेवढे असतात. टरफलातून मिळणाऱ्या डीएनएचे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मायक्रोग्रॅमच्या हजाराव्या भागात, करावे लागते. तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

मग दिसते ते काय? आम्ही आमच्या प्रयोगशाळेत पाच नळ्या मांडल्या. पहिलीत मुलींच्या कृतीप्रमाणे, न धुतलेले, पापुद्र्यासह टरफल. दुसरीत स्वच्छ धुतलेले, आतला पापुद्रा सोलून काढलेले टरफल. तिसरीत टरफल नाहीच, नुसता थोडा पांढरा बलक. चौथीत संगमरवराचा चुरा. पाचवीत यांपैकी काहीच नाही. फक्त विनेगर, मीठ आणि द्रव साबण. सगळ्यांवर सारखेच थंड स्पिरिट.

पहिल्या नळीत तंतू आले, प्रदर्शनात पाहिले तसेच. तिसऱ्या नळीत, म्हणजे नुसत्या पांढऱ्या बलकात, त्याहूनही सुरेख, जाड, लोंबणारे तंतू आले. पांढऱ्या बलकात पेशी जवळजवळ नसतातच. तो प्रथिनांचा आणि पाण्याचा साठा आहे. मद्यार्क लागताच ही प्रथिने गोठतात आणि पांढरी होतात. न धुतलेल्या टरफलाला आतून हाच बलक चिकटलेला असतो. दुसऱ्या नळीत तंतू आले नाहीत, दुधाळ गढूळपणा आला. आणि चौथ्या नळीत, जिथे कोंबडीचा संबंधच नाही तिथेही, तसाच गढूळपणा आला. कारण सोपे आहे. कॅल्शियम कार्बोनेट विनेगरमध्ये विरघळले की कॅल्शियम ॲसिटेट तयार होते. ते पाण्यात विरघळते, मद्यार्कात नाही. स्पिरिट ओतले की ते बाहेर पडते. पाचवी नळी जवळजवळ स्वच्छ राहिली.

यात द्रव साबणाऐवजी अंगाचा साबण वापरला तर आणखी एक पांढरा पदार्थ भर घालतो. विहिरीच्या जड पाण्यात साबण फाटतो हे मुलांनी घरी पाहिलेले असते. टरफलाच्या द्रावणात तर कॅल्शियमची रेलचेलच असते.

म्हणजे नळीतल्या पांढऱ्या गोष्टीचे निदान तीन संशयित आहेत: गोठलेली प्रथिने, कॅल्शियम ॲसिटेट आणि फाटलेला साबण. डीएनए हा चौथा, आणि तो एवढा थोडा की दिसण्याजोगा नाही. ‘विरळ’ आणि ‘दाट’ हा फरक कोंबडीच्या जातीचा नव्हता. टरफल किती धुतले, बलक किती चिकटला आणि चुरा किती बारीक झाला, याचा होता.

समजा, ते तंतू खरोखरच डीएनएचे असते. तरी त्यांच्या दाटपणावरून जात कळली नसती. सर्व कोंबड्यांच्या पेशींत डीएनए जवळपास सारख्याच प्रमाणात असतो. फरक असतो तो त्यातल्या अक्षरांच्या क्रमात. तंतूंची जाडी पाहून जात ठरवणे म्हणजे ग्रंथ तराजूत घालून त्यातला मजकूर ओळखण्यासारखे आहे.

संशोधकांनी काय केले?

टरफलातून डीएनए निघतो, हे मात्र खरे आहे. जपानमधील काझुहिरो रिकिमारू आणि हिदेआकी ताकाहाशी यांनी कोंबडीच्या टरफलातून बहुगुणनाला योग्य असा डीएनए काढण्याची सोपी पद्धत २००९ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठातल्या शार्लट ऑस्कॅम, मायकेल बन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, जमिनीत गाडल्या गेलेल्या टरफलांतून डीएनए मिळवल्याचे दाखवले. त्यात न्यूझीलंडचा नामशेष मोआ होता, मादागास्करचा नामशेष हत्तीपक्षी होता आणि सुमारे १९,००० वर्षांपूर्वीचे एमूचे टरफलही होते. कवचाच्या चुनखडी जाळीत डीएनएचे कण बंदिस्त राहतात, हे त्यांनी चमकणारे रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

त्यांची कृती आणि आपली शाळेतली कृती यांतला फरक शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहावा. या प्रकारच्या कामात टरफल विनेगरमध्ये विरघळवत नाहीत. आम्लात डीएनएच्या साखळीतील अक्षरे, विशेषतः ॲडेनिन आणि ग्वानिन, सुटून पडू लागतात आणि साखळी कमकुवत होते. रात्रभर विनेगर म्हणजे जे शोधायचे त्याचीच नासधूस. त्याऐवजी ईडीटीए नावाचे रसायन किंचित अल्कधर्मी द्रावणात वापरतात. ते कॅल्शियमला पकडून विरघळवते, डीएनएला धक्का न लावता. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एकच अणू पकडतो. एक ग्रॅम टरफलात सुमारे दहा मिलिमोल कॅल्शियम असते. ते सगळे पकडायला अर्धा मोलर ईडीटीएचे वीस मिलिलिटर द्रावण लागेल. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. टरफलाची चिमूटभरच पूड का घेतात, हे त्यातून आपोआप कळते.

पुढे प्रथिने पचवणारे विकर घालायचे, मग डीएनए गाळून वेगळा करायचा आणि ईडीटीएचा अंश धुऊन टाकायचा. तो राहिला तर पुढच्या पायरीत लागणारे मॅग्नेशियमही तो पकडून बसतो आणि काम अडते. ही पुढची पायरी म्हणजे पीसीआर, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याचे बहुगुणन. दर फेरीला प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या तत्त्वतः १०७ कोटी प्रती होतात. मगच काही वाचता येते.

बहुगुणनाची ही ताकद दुधारी आहे. खुराड्यात एका कोंबडीच्या अंड्यावर दुसरी बसते, तिचे पीस, तिची विष्ठा अंड्याला लागते, हाताळणाऱ्याचे हात लागतात. यातल्या एखाद्या परक्या पेशीचाही डीएनए दुप्पट होत होत कोटींवर जातो. म्हणून टरफलाचा पृष्ठभाग आधी विरंजकाने साफ करावा लागतो आणि प्रत्येक खेपेस काहीही न घातलेली एक नळी सोबत चालवावी लागते. आमच्या पाचव्या नळीचेच हे मोठे भावंड.

प्रजाती ओळखणे वेगळे, जात ओळखणे वेगळे

मोआच्या टरफलाची बातमी वाचून ‘मग कोंबडीची जात ओळखणे त्यापुढे काय मोठेसे’ असे वाटते. येथे दुसरा घोटाळा आहे. मोआ आणि एमू हे निसर्गात लाखो वर्षे वेगळे राहिलेले पक्षी. त्यांच्यातले फरक ठळक आहेत. ते पाहायला पेशीतल्या तंतुकणिकांचा छोटासा डीएनए पुरतो. त्याच्या एका पेशीत शेकडो प्रती असतात, म्हणून तो जुन्या टरफलातही टिकून सापडण्याची शक्यता अधिक.

लेगहॉर्न आणि कडकनाथ मात्र एकाच प्रजातीतल्या, माणसाने निवड करून घडवलेल्या जाती आहेत. तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो. एकाच आजीच्या वंशातल्या कोंबड्या वेगवेगळ्या जातींत विखुरलेल्या असू शकतात. म्हणून तेथे पेशीकेंद्रातल्या गुणसूत्रांवरच्या खुणा पाहाव्या लागतात. त्याच्या पेशीमागे दोनच प्रती. म्हणजे काम अवघड आणि सामग्री थोडी.

रिकिमारू आणि ताकाहाशी यांच्या कामामागची गरज येथे समजून घेण्यासारखी आहे. जपानच्या अकिता प्रांतात हिनाइ-दोरी नावाची जुनी कोंबडी आहे. १९४२ साली तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तिचा कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी यांच्या संकरातून हिनाइ-जिदोरी हा नावाजलेला, महाग विकला जाणारा पक्षी तयार करतात. नाव झाले की नक्कल आलीच. २००७ साली, अंडी घालून थकलेल्या स्वस्त कोंबड्यांचे मांस याच नावाने खपवल्याचे प्रकरण जपानमध्ये गाजले. त्याच वर्षी या दोघांचा, खरी हिनाइ-जिदोरी ओळखण्याची पद्धत सांगणारा निबंध प्रसिद्ध झाला होता.

त्यांनी निवडल्या त्या झेड गुणसूत्रावरच्या खुणा. या निवडीत मोठी हुशारी आहे. माणसात बाप एक्स-वाय, आई एक्स-एक्स, पक्ष्यांत उलटे. कोंबडा झेड-झेड आणि कोंबडी झेड-डब्ल्यू. म्हणजे कोंबडीला तिचे एकुलते एक झेड गुणसूत्र बापाकडूनच मिळते. खऱ्या हिनाइ-जिदोरीचा बाप हिनाइ-दोरीच असणार, तेव्हा तिच्या झेडवर हिनाइ-दोरीचीच खूण असली पाहिजे. नसेल, तर ती नक्कल.

टरफलाला ही युक्ती तर अधिकच साजते. टरफल नेहमी मादीचे. तिच्याजवळ झेड एकच, त्यामुळे झेडवरच्या प्रत्येक खुणेचा एकच प्रकार दिसायला हवा. दोन प्रकार दिसले तर समजावे की नळीत दुसऱ्याच पक्ष्याचा डीएनए मिसळला आहे. चाचणीच स्वतःची चूक काही प्रमाणात दाखवून देते.

परंतु या सुंदर युक्तीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. खूण नसली तर ‘ही ती नव्हे’ असे ठामपणे म्हणता येते. खूण असली तर ‘ही ती असू शकेल’ एवढेच. हिनाइ-दोरीच्या कोंबड्याचा संकर दुसऱ्याच एखाद्या जातीच्या कोंबडीशी केला, तरी मुलींच्या झेडवर तीच खूण येणार. नुसते झेड पाहणाऱ्याला आईची जात कळत नाही. ‘नाही’ हे उत्तर पक्के आणि ‘होय’ हे उत्तर कच्चे, असे विज्ञानात वारंवार घडते. वर्तमानपत्री बातमीत नेमका हाच फरक पुसला जातो.

यादीत नसलेली कोंबडी

आणखी एक संशोधन पाहू. २००१ साली रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या २० जातींतले ६०० पक्षी घेतले, डीएनएतल्या २७ जागांवरच्या खुणा वाचल्या आणि संगणकाला गट पाडायला सांगितले. सुमारे ९८ टक्के पक्षी आपापल्या जातीच्या गटात गेले. हा निकाल प्रभावी आहे, आणि जाती ही केवळ पिसांची हौस नसून डीएनएतही तिचे प्रतिबिंब असते हे त्यातून दिसते.

पण हे यश कोणत्या अटीवर मिळाले? सर्व पक्षी त्या वीस जातींपैकीच होते आणि प्रत्येक जातीचे पुरेसे नमुने हाताशी होते. एकविसाव्या जातीची कोंबडी आणली आणि संगणकाला ‘या विसांतली कोणती?’ एवढेच विचारले, तर तो तिला सर्वांत जवळच्या गटात ढकलील. वर्गाच्या हजेरीपटात नाव नसलेल्या मुलाला जवळचे नाव देऊन बसवावे तसे. डीएनएवर जातीचे नाव छापलेले नसते. नाव आपण देतो, संदर्भासाठी गोळा केलेल्या पक्ष्यांशी तुलना करून. संदर्भ अपुरा असेल तर उत्तर चुकीचे येईल. आणि वाईट म्हणजे ते अचूक उत्तराइतक्याच ऐटीत येईल.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. कडकनाथ, असील, नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली आणि लगतच्या गुजरातेतली बुसरा, अशा देशी जाती आहेत. कडकनाथचे काळे मांस सर्वांना माहीत आहे. झाबुआच्या या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्या काळेपणामागचा डीएनएतला फेरबदल संशोधकांना ठाऊक आहे. २०११ साली तो सिल्की कोंबड्यांत उलगडला. ईडीएन-३ या जनुकाचा समावेश असलेला भाग दुप्पट झालेला असतो. मग हीच कडकनाथची खूण मानावी का? नाही. तो फेरबदल सिल्कीतही आहे, आणखी काही काळ्या कोंबड्यांतही. शिवाय तो प्रभावी आहे. कडकनाथचा कोंबडा साध्या कोंबडीला दिला तरी पिलांत काळेपणा येतो. ही चाचणी ‘काळी कोंबडी’ ओळखील, ‘कडकनाथ’ नव्हे. आणि कडकनाथचे अंडे मुळात काळे नसतेच. ते फिकट तपकिरी किंवा दुधी रंगाचे असते.

‘गावरान’ ही तर जातच नाही. गावातल्या उकिरड्यावर चरणारी, पिढ्यान्‌पिढ्या मिसळत आलेली कोंबडी ती गावरान. तिच्यात असीलचा अंश असेल, सरकारी योजनेतून आलेल्या गिरिराज किंवा वनराजाचा असेल. ग्रामप्रिया ही परसातल्या पालनासाठी मुद्दाम तयार केलेली कोंबडी तपकिरी अंडी देते. तपकिरी अंडे म्हणजे गावरान, हे समीकरण येथेच मोडते.

गिऱ्हाईक विचारते ते काय?

आता मूळ मुद्दा. तपकिरी अंड्याला जास्त पैसे मोजणारी गृहिणी खरे तर जातीविषयी विचारतच नसते. तिला जाणून घ्यायचे असते की ही कोंबडी मोकळी फिरली का, काय खाल्ले, अंडे ताजे आहे का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर डीएनएत नाही. पिंजऱ्यातली असील आणि अंगणातली असील यांचा डीएनए सारखाच. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. ती फसवणूक व्यवहाराची होती. कोणत्याही डीएनए चाचणीने ती टळली नसती. विज्ञानाचे नाव घेऊन चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले, तर लोकांचा विज्ञानावरचा विश्वास वाढत नाही, उलट पुढच्या फसवणुकीला एक नवे प्रमाणपत्र मिळते. उद्या कोणी ‘डीएनए तपासलेली गावरान अंडी’ विकू लागला, तर आपल्या विद्यार्थ्याला त्यातली मेख कळली पाहिजे. या साऱ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

साध्या प्रश्नांना साध्या चाचण्या असतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकतात अशी शंका असेल, तर नोटा तपासायचा जंबुपार दिवा अंधारात अंड्यावर धरावा. ताज्या तपकिरी अंड्यातले नैसर्गिक रंगद्रव्य, प्रोटोपॉर्फिरिन, लालसर चमकते. चहाचा रंग तसा चमकत नाही. विनेगरने पुसून रंग गेला तर भेसळ, ही सर्वत्र सांगितली जाणारी चाचणी मात्र फसवी आहे, कारण खरा तपकिरी रंगही कवचाच्या बाहेरच्या थरातच असतो आणि आम्लात तोही निघतो. तारेच्या पिंजऱ्यात घातलेल्या अंड्यावर जाळीच्या रेघांच्या खुणा याच दिव्याखाली पुष्कळदा दिसतात. अर्थात, हा दिवादेखील रंगद्रव्य आणि ओरखडे दाखवतो, जात दाखवत नाही.

वर्गात काय करावे?

टरफलाचा प्रयोग टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. उलट तो करावा, पण पाच नळ्यांचा करावा. आधी मुलांना प्रत्येक नळीत काय दिसेल याचा अंदाज लिहायला लावावे. संगमरवराच्या नळीत पांढरे दिसले की वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही व्याख्यानाने पसरत नाही. डीएनए पाहायचाच असेल तर वाटाणे किंवा केळे घ्यावे, आणि तेथेही सांगावे की या झुपक्यात डीएनएबरोबर आरएनए, प्रथिने आणि इतर पदार्थ मिसळलेले आहेत. मोठ्या विद्यार्थ्यांना ईडीटीएचे गणित आणि झेड गुणसूत्राचे कोडे द्यावे. दोन्हींना कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही.

आम्ही त्या मुलींच्या शिक्षकांना पत्र लिहिले. गुण देताना आमची चूक झाली, ती मुलींची नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले आणि पाच नळ्यांची कृती जोडली. महिन्याभराने मुलींचे उत्तर आले. त्यांनी प्रयोग केला होता. तिसऱ्या आणि चौथ्या नळीमुळे जुना तक्ता फाडून टाकावा लागला, असे त्यांनी लिहिले होते. खाली एक प्रश्न होता: ‘धुतलेल्या टरफलाच्या दुसऱ्या नळीत तंतू आले नाहीत. मग त्यात डीएनए नव्हताच असे लिहावे का?’

तसे लिहू नका, असे आम्ही कळवले. आपल्या कृतीने तो दिसणार नव्हता, एवढेच त्या नळीवरून म्हणता येते. त्यातला काही विनेगरने बिघडला असेल, काही अजून तेथे असेल. तो आहे की नाही हे ठरवायला दुसरे साधन लागेल. आणि सहावीतल्या त्या मुलाला शोधून ही नळी जरूर दाखवा, असेही लिहिले.